माठाला सुटलेला खार आणि रिद्धपूरची पोथी

एका गावात हत्ती येतो. जन्मापासून आंधळी असलेली काही माणसं त्याला बघायला जातात, म्हणजे हातांनी चाचपायला जातात. एकाच्या हाताला पाय लागतो. तो म्हणतो, हत्ती खांबासारखा असतो. दुसऱ्याच्या हाताला कान लागतो, त्याचा हत्ती सुपासारखा. शेपूट धरलेला तिसरंच काही सांगतो. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. ती भारतभर फिरली आहे. पाली भाषेतल्या ‘उदान’ या बौद्ध ग्रंथात ती आहे, जैन आचार्यांनी ती सांगितली आहे, आणि मराठीत ती ‘दृष्टांतपाठा’त आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस, अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर ज्यांचं केंद्र होतं त्या महानुभाव पंथाच्या मंडळींमध्ये आकाराला आला.

गोष्ट एकच, पण तिघांनी ती तीन कामांना लावली आहे. बौद्ध ग्रंथात सगळा भर भांडणावर येतो. अर्धवट पाहिलेले लोक ‘हत्ती असाच, हत्ती तसा नाहीच’ असं म्हणत एकमेकांवर मुठी उगारतात, आणि वाद घालणाऱ्या पंथांची गत तीच, असं सांगितलं जातं. जैन आचार्य म्हणतात, प्रत्येकाचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं आहे, म्हणून कोणाचंच टाकू नका. ‘दृष्टांतपाठ’ सांगतो की परमेश्वराच्या शक्तीचा एकेक भाग एकेकाच्या हाताला लागला आणि त्यानं त्यालाच सगळा परमेश्वर मानलं. म्हणजे हत्ती तोच, आंधळे तेच, सूप आणि खांबही तेच. अर्थ मात्र गोष्टीनंतर जे दोन शब्द येतात त्यांनी ठरवला. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो. इतकी वर्षं मी मुलांना निबंध शिकवत होतो आणि गोष्ट म्हणजेच समजावणं असं मानून चाललो होतो.

‘दृष्टांतपाठा’ची बांधणी सांगतो, कारण या लेखाचा जीव तिच्यात आहे. ग्रंथात 114 दृष्टांत आहेत. प्रत्येकाचे तीन भाग. आधी सूत्र, म्हणजे पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचं एखादं आटोपशीर वचन. मग दृष्टांत, म्हणजे स्वामींनीच सांगितलेली छोटी गोष्ट. शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट त्या सूत्राला कशी लागू पडते याचा उलगडा. पहिले दोन भाग स्वामींचे आणि तिसरा हा ग्रंथ रचणाऱ्या केसोबासांचा. स्वामी बोलून गेले होते. केसोबासांनी ते बोलणं निवडलं, लावलं, आणि जिथे ऐकणाऱ्याचा पाय अडखळेल तिथे आपला हात पुढे केला.

शाळेत आपल्याला निबंधाची रचना शिकवतात ती प्रस्तावना, मध्य आणि समारोप अशी. यात चूक काही नाही. पण हे म्हणजे घराला ओसरी, माजघर आणि परसू असतात एवढंच सांगण्यासारखं आहे. माजघरातून परसात जायला दार कुठे ठेवायचं, हे त्यात येत नाही. केसोबासांची तीन नावं दाराबद्दल बोलतात. सूत्र सांगतं काय म्हणायचं आहे. दृष्टांत सांगतो, तुला आधीपासून माहीत असलेलं असंच काय आहे. आणि दार्ष्टांतिक सांगतं, हे त्याच्यासारखं नेमकं कुठे आहे. ‘निबंध’ या शब्दातही ‘बंध’ आहे, बांधणं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हापासून हा शब्द आपल्या ओठी पक्का बसला. त्यातली गाठ मात्र आपण फारशी पाहत नाही.

केसोबास हे सगळं शून्यातून करत नव्हते. ते संस्कृतचे मोठे पंडित होते, ‘रत्नमाला’ हे त्यांचं संस्कृत स्तोत्र प्रसिद्ध आहे. न्यायशास्त्रात दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवून देण्याचे पाच अवयव सांगितलेले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पाठशाळेतलं नेहमीचं उदाहरण डोंगराचं. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा डोंगरही तसाच धुराचा आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. पाच अवयवांत चौथ्याकडे बघा. तो नवीन काहीच सांगत नाही. धूर तर आपण आधीच पाहिला होता. पण तो नसला तर स्वयंपाकघर स्वयंपाकघरात राहतं आणि डोंगर डोंगरावर. दोघांना एका ओळीत आणून उभं करणारा तो एकटाच आहे. इतक्या प्राचीन काळी कोणीतरी बसून विचार केला की माणसाला समजतं ते नक्की कोणत्या क्षणी, आणि त्या क्षणाला वेगळं नाव दिलं, याचं मला आजही नवल वाटतं.

मुलांच्या वह्यांत नेमका हाच चौथा अवयव गायब असतो. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ यावर निबंध असतो. मुलगी छान सुरुवात करते, मग आजोबांच्या शेतातल्या बांधाची गोष्ट लिहिते, ती गोष्ट खरोखर सुंदर असते, आणि पुढच्या ओळीत ‘अशा प्रकारे पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ म्हणून निबंध संपतो. बांध घातल्यानं पाणी जमिनीत कसं गेलं, विहिरीला किती दिवस जास्त पुरलं, ते मधल्यामध्ये राहून गेलं. वाचणाऱ्याला बांध दिसला, महत्त्व ऐकू आलं, पण दोघांची भेट झाली नाही.

आता मी ज्याला खरं आश्चर्य म्हणतो तिकडे येतो. रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. अमरावतीहून तिकडे जाताना संत्र्याच्या बागा लागतात. मृग बहाराच्या दिवसांत त्या रस्त्यानं गेलात तर वासावरूनच कळतं कुठे आलो ते. गावात चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचा राजमठ आहे. महानुभाव लोक जिथे जिथे स्वामी बसले, राहिले, बोलले तिथे ओटा बांधून ती जागा जपतात, तसे ओटे इथे आहेत. मराठी भाषा विद्यापीठासाठी हीच जागा निवडली गेली, आणि त्यामागचं कारण इथल्या पोथ्या आहेत. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांचे शिष्य याच गावी गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. नागदेवाचार्य, ज्यांना सगळे भटोबास म्हणत, ते त्यांच्यात मुख्य होते. आणि म्हाइंभट होते.

म्हाइंभट विद्वान, वादविवादात तरबेज. त्यांनी ठरवलं की स्वामींच्या जितक्या आठवणी लोकांपाशी आहेत तितक्या गोळा करायच्या. स्वामींना पाहिलेली, ऐकलेली माणसं जिथे होती तिथे ते गेले, विचारलं, पडताळलं, पुन्हा भटोबासांना दाखवलं. एकाच प्रसंगाची दोन माणसांची आठवण वेगळी असेल तर दोन्ही नोंदवल्या. अशा वेगळ्या आठवणीला त्या परंपरेत ‘वासना’ म्हणतात. यातून 1278च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. ज्ञानेश्वरी त्यानंतर बारा वर्षांनी, 1290 साली झाली.

‘लीळाचरित्र’ काळाच्या क्रमानं जातं: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. स्वामी एकटे फिरत होते ते दिवस, मग शिष्य येऊ लागले ते दिवस, आणि पुढे. स्वामी आज या गावी, उद्या त्या देवळात. कोणी काही विचारतं, स्वामी उत्तर देतात, कधी गोष्ट सांगतात. तत्त्वज्ञान आहे, पण ते सांडलेल्या दाण्यांसारखं दिवसादिवसांत विखुरलेलं आहे.

केसोबासांनी तोच माल घेतला आणि क्रम बदलला. स्वामींची वचनं प्रसंगांतून सोडवून त्यांनी विषयवार लावली. तो ‘सूत्रपाठ’. त्याच्या प्रकरणांची नावं वाचताना मला एखाद्या कुशल गवंड्याची आठवण होते: अन्यव्यावृत्ती, युगधर्म, विद्यामार्ग, संहार, संसरण, उद्धरण, असतिपरी, महावाक्य, निर्वचन. त्यातलं पहिलं नाव परत वाचा. अन्यव्यावृत्ती म्हणजे जे दुसरं आहे ते बाजूला काढणं. आधी काय म्हणायचं नाही ते साफ केलं, मग आपलं म्हणणं मांडायला घेतलं. पेरणीआधी शेतातल्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं करावं तसं. ज्या विषयावर लोकांच्या मनात आधीच चुकीची समजूत घट्ट बसलेली असते, त्या विषयावर लिहिताना याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

मग त्याच वचनांपैकी ज्यांना गोष्ट जोडलेली होती ती घेऊन ‘दृष्टांतपाठ’ झाला. पुढच्या पिढ्यांनी त्याच आठवणी आणखी दोन प्रकारे लावल्या. ‘स्थानपोथी’ जागेच्या क्रमानं जाते: हे गाव, गावाच्या या दिशेला हे देऊळ, देवळाचं दार अमुक तोंडाचं, आणि दाराच्या या हाताला स्वामी बसले ती जागा. आणि ‘प्रकरणवश’ नावाच्या ग्रंथांनी उलटा प्रवास केला. सूत्र सुटं झालं होतं, ते कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून बोललं गेलं हे शोधून त्यांनी वचनाला पुन्हा त्याच्या घरी नेऊन सोडलं.

म्हणजे बघा. माल एक, आठवणी त्याच, माणसं बहुतेक एकाच गोतावळ्यातली. आणि लावणी पाच तऱ्हांची: काळानं, विषयानं, दृष्टांतानं, जागेनं, प्रसंगानं. प्रत्येक लावणी वेगळ्या माणसासाठी आहे. भक्ताला स्वामींसोबत चालायचं आहे, त्याला ‘लीळाचरित्र’. अभ्यासकाला सिद्धान्त हवा, त्याला ‘सूत्रपाठ’. यात्रेकरूच्या पायाला वाट हवी, त्याला ‘स्थानपोथी’. शंका घेणाऱ्याला विचारायचं असतं की हे कुठे आणि का म्हटलं, त्याच्यासाठी ‘प्रकरणवश’. ज्याला नुसतं समजून घ्यायचं आहे, त्याला ‘दृष्टांतपाठ’. सव्वासातशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत गद्य नुकतं उभं राहत होतं, आणि तेवढ्यात या लोकांना कळलं होतं की रचना विषयाच्या पोटात नसते. ती ऐकणाऱ्याच्या गरजेत असते. जगातल्या कितीतरी थोर भाषांना इतक्या लहान वयात हे सुचल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

आणि ऐकणारा कोण, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आठवण आहे. केसोबासांना शास्त्राचं प्रकरण संस्कृतात रचायचं होतं. भटोबासांनी त्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं असं की संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, स्वामींनी आपल्याला मराठीत सांगितलं आहे. मंडळींत पंडितांची कमी नव्हती. तरीही भटोबासांच्या डोळ्यांसमोर जो वाचक होता, जी ऐकणारी होती, ती म्हातारी होती. पुढे शेकडो वर्षं या पोथ्या ‘सकळ’ या सांकेतिक लिपीच्या कुलपात राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कुलूप उघडलं, आणि य. खु. देशपांडे, वि. भि. कोलते यांच्यासारख्या वऱ्हाडातल्याच अभ्यासकांनी हे वाङ्मय सगळ्या महाराष्ट्रापुढे ठेवलं. अमेरिकेतल्या ॲन फेल्डहाऊस यांनी ‘सूत्रपाठा’चा इंग्रजीत अनुवाद केला. म्हातारीसाठी लिहिलेलं जग फिरून आलं.

माझीही एक म्हातारी होती, आणि समजावून सांगणं म्हणजे काय हे मला तिनं शिकवलं, जरी तिला सहीसुद्धा येत नव्हती.

आमचं गाव अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदी पश्चिमेकडे वाहते आणि पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात शेकडो फूट जाडीचा गाळ साचला आहे. वर काळीभोर चिकण जमीन, खाली पाणी आहे, पण ते खारं. विहीर खोदा, पाणी लागतं. ते प्यायचं नाही, पिकाला द्यायचं नाही. पाण्यावर बसून तहानलेला असा हा मुलूख आहे.

नववीत असताना शाळेत मला याचं कारण शिकवलं होतं आणि मी सुट्टीत घरी येऊन आजीला ते ऐटीत सांगायला बसलो. ती ओसरीवर सरकी निवडत होती. मी पुस्तकातल्या क्रमानं सुरू केलं: खोऱ्याची भूस्तररचना, गाळाचे थर, क्षारांचं प्रमाण. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, “पाऊस त गोळ पडते. मंग हिरीचं पानी खारं काहून?”

मी पुन्हा गाळाच्या थरांकडे गेलो. ती म्हणाली, “थे झालं. पन काहून?”

वऱ्हाडीतलं हे ‘काहून’ फार कामाचं आहे. प्रमाण मराठीतलं ‘का’ विचारून मोकळं होतं, ‘काहून’ उत्तर येईपर्यंत दारात बसतं. मी जरा विचार करून सांगितलं की पावसाचं पाणी मातीतून झिरपताना थोडे थोडे क्षार विरघळवून घेतं. आपल्या इथे पाऊस चार महिने आणि ऊन आठ महिने. पाणी उन्हानं उडून जातं, क्षार उडत नाहीत. आणि ही चिकण जमीन पाण्याचा निचरा होऊ देत नाही, त्यामुळे क्षार वाहून समुद्राकडे जायचे ते इथेच राहतात. असं हजारो वर्षं चाललं आहे.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग उठून कोपऱ्यातल्या माठाजवळ गेली. उन्हाळाभर वापरलेला माठ, त्याच्या पोटावर बाहेरून पांढरी भुकटी धरली होती. तिनं बोटानं ती पुसली आणि बोट माझ्यापुढे केलं.

“हे पाय. पानी उडून गेलं अन् खार राह्यला. तसंच का?”

तसंच. माठात आपण पाणी ओततो. ते छिद्रांतून बाहेर पाझरतं आणि वाऱ्यानं उडतं, म्हणून तर आतलं गार होतं. पाण्यासोबत बाहेर आलेले क्षार मात्र उडत नाहीत, ते माठाच्या अंगावर पांढरे होऊन बसतात. जमिनीचंही असंच. उन्हाळ्यात ओल वर येते, उडते, आणि मागे खार सोडते. विहिरीचं पाणी शेताला दिलं की हा खार आणखी वर येतो, दोन-तीन हंगामांत जमीन घट्ट होते, नांगराला ढेकळं निघतात, पाऊस पडला की पाणी वरच तुंबून राहतं. म्हणूनच खारपाणपट्ट्यातले शहाणे शेतकरी विहिरीपेक्षा पावसाच्या पाण्यावर आणि शेततळ्यावर भरवसा ठेवतात. वरून पडतं ते गोड, खालून येतं ते खारं.

माझ्याकडे सूत्र होतं. दृष्टांत आजीनं तिच्या घरातून काढला. आणि ‘तसंच का?’ या दोन शब्दांत तिनं दार्ष्टांतिकही मागितलं. पुढे पुष्कळ वर्षांनी ‘दृष्टांतपाठ’ हाती आला आणि त्यात प्रत्येक गोष्टीनंतर दार्ष्टांतिक आपलं काम करताना दिसलं, तेव्हा मला तो माठ आठवला.

पण माठ पूर्ण खरा नाही, हेही तिनंच काढलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, माठ तर आपण घासून धुतो आणि तो स्वच्छ होतो, मग जमीन का धुतली जात नाही? इथे दृष्टांत थांबतो. माठाच्या भिंतीतून पाणी सहज आरपार जातं. आपल्या काळ्या जमिनीत ते जात नाही. उलट काही क्षारांमुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन फटी बुजवतात आणि निचरा आणखीच बंद होतो. धुवायचं तर आधी धुतलेलं पाणी बाहेर जायला वाट लागते, म्हणून शेतीशास्त्रातले लोक तिथे चर काढायला आणि जिप्सम टाकायला सांगतात. जुने पंडित म्हणत, दृष्टांत एकदेशी असतो, एका अंगानंच जुळतो. समजावणाऱ्यानं ते अंग कोणतं हे तर सांगावंच, आणि बाकीची अंगं जुळत नाहीत हेही स्वतःहून सांगावं. तसं सांगितलं की वाचकाचा विश्वास वाढतो. मी तर म्हणेन, चांगला लेख कुठे ओळखावा तर इथे: लेखक आपल्याच उदाहरणाची हद्द दाखवतो की नाही.

आजीच्या प्रश्नांचा क्रम मी नंतर कितीदा आठवला. आधी ‘काहून’. मग ‘थे झालं, पन काहून’. मग ‘तसंच का’. मग ‘मंग धुतलं त जात काहून नाही’. या चार प्रश्नांखाली त्या विषयाचा पूर्ण लेख उभा राहतो. मी आता लिहायला बसलो की टिपणं विषयाच्या क्रमानं लावत नाही, तिच्या प्रश्नांच्या क्रमानं लावतो. जे टिपण तिच्या कुठल्याच प्रश्नाखाली बसत नाही ते कितीही मेहनतीनं मिळवलेलं असो, बाजूला ठेवतो. गाळाची जाडी तिनं विचारली नव्हती. ती कुठे सांगायची? जिथे ‘इतका खार आला कुठून’ असा प्रश्न उठेल तिथे, त्याआधी नाही.

प्रश्नांच्या जोरावर हजारो माणसांना समजावणारा एक माणूस आमच्याच मुलखात झाला. गाडगेबाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लहानपण गेलं मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, आजोळी. शाळा नाही, अक्षर नाही. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. नारदीय कीर्तनाची रचना आपल्याकडे ठरलेली आहे: पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, मग उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी आख्यान पुन्हा मूळ अभंगावर आणून सोडायचं. म्हणजे इथेही सूत्र, दृष्टांत आणि परत येणं. बाबांनी ही चौकट मोकळी केली. ते लोकांना विचारत. नवसाला बकरं कापावं की नाही, कर्ज काढून सण करावा की नाही, पोराला शाळेत घालावं की नाही. प्रश्न असा की उत्तर समोरच्या माणसाच्या तोंडीच असतं. लोक उत्तर देत, बाबा त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारत. पाच-सहा पायऱ्या चढल्यावर लोक जिथे पोचत तिथे ते स्वतःच्या पायांनी पोचलेले असत. 1956च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. त्यानंतर महिन्याभरानं, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात ते गेले. ते कीर्तन ऐका, आणि प्रश्नांचा क्रम नुसता कागदावर उतरवून काढा. मधली एक पायरी काढून टाका. पुढचं उत्तर येत नाही. मी हा खेळ वर्गात कितीदा केला आहे, आणि दर वेळी मुलं थक्क होतात.

लेखाच्या सुरुवातीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वाचकाला जे डोळ्यांनी दिसतं पण उलगडत नाही, तिथून सुरू करावं. खारपाणपट्ट्यात ते म्हणजे पाण्यानं भरलेली विहीर आणि तिच्या काठावरून टँकरकडे निघालेली घागर. शेवट त्याहून सोपा. प्रश्न संपले की थांबावं. मुलं विचारतात, सर, समारोपात काय लिहू? मी विचारतो, आजीचा कुठला प्रश्न उरला आहे का? उरला असेल तर तो समारोपात नाही, आधी लिहायचा.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती रिद्धपूरचीच आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलखात धामधूम झाली. महानुभाव मंडळी पांगली आणि एका धाडीत मूळ पोथ्या लुटल्या गेल्या. मग त्यांनी त्या पुन्हा लिहून काढल्या, आठवणीतून. वेगवेगळ्या माणसांच्या आठवणींतून वेगवेगळे पाठ निघाले, आणि अभ्यासक आजही ते शेजारी ठेवून ताडून पाहतात. हे जमलं कसं? भक्ती होती, पाठांतराची सवय होती. माझा विश्वास आहे की रचनेचाही त्यात मोठा हात होता. सूत्र दोन-चार शब्दांचं, ते विसरत नाही. त्याला गोष्ट बांधलेली, ती तर मुद्दाम विसरायची म्हटली तरी विसरत नाही. आणि दोघांमधली गाठ लक्षात असली की एक टोक ओढल्यावर दुसरं येतंच. विखुरलेला माल धाडीत गेला असता. बांधलेला होता म्हणून माणसांच्या डोक्यात बसून वाचला.

त्या सुट्टीत परत जाताना मी एस.टी.ची वाट बघत ओट्यावर बसलो होतो. आतून आजीचा आवाज येत होता. शेजारची काकू आली होती, तिला ती विहिरीचं पाणी खारं का ते सांगत होती. गाळाचे थर तिनं घेतलेच नाहीत. काकूला हाताला धरून तिनं कोपऱ्यात नेलं आणि माठापासून सुरुवात केली.